दोन ग्राफिक्सवाला लॅपटॉप: सेटिंग करूनही गेम परत परत इंटेलवरच का जातो आणि त्यावर काय करायचं

ज्यांच्या लॅपटॉपमध्ये इंटेल किंवा रायझनचं आतलं ग्राफिक्स आहे आणि सोबत एनव्हिडिया नाहीतर रेडिऑनचं वेगळं कार्डपण आहे, त्यांची एकच तक्रार सारखी कानावर येते. गेम अडकतो, ऑटोकॅडमध्ये थ्रीडी मॉडेल फिरवलं की धक्के खात फिरतं, कुणीतरी सांगितलं म्हणून सेटिंगमध्ये जाऊन हाय परफॉर्मन्स केलं, काही दिवस मस्त चाललं आणि मग परत येरे माझ्या मागल्या. मग विंडोज नव्याने टाकायचं, थोडे दिवस बरं, परत तेच. शेवटी कुठल्यातरी दुकानात सांगतात की कार्ड उडालंय, बोर्ड बदलावा लागेल, आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या पोराच्या घरी एकदम पंधरा-वीस हजारांचा विषय निघतो.

तो खर्च करण्याआधी हे पूर्ण वाचा. बहुतेक वेळा कार्ड शाबूत असतं, ड्रायव्हरही (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) धड असतो. कुठला प्रोग्राम कुठल्या चिपवर चालणार हे या लॅपटॉपमध्ये एका जागी ठरत नाही, ते विंडोजमध्ये ठरतं, कार्डाच्या पॅनेलमध्ये ठरतं, लॅपटॉप कंपनीच्या ॲपमध्ये ठरतं आणि बायोसमध्येपण (विंडोज सुरू होण्याआधीचं लॅपटॉपचं मूळ सेटिंग) ठरतं, आणि आपण यातल्या एकाच ठिकाणी बदल करून मोकळे झालेलो असतो. म्हणून आधी निर्णय कोण घेतंय ते शोधायचं, मग ड्रायव्हरला हात लावायचा, आणि फॉरमॅट मारायची वेळ खरंतर फार क्वचित येते.

आधी हे चालतं कसं ते बघू

२०१० च्या आधी दोन ग्राफिक्सवाल्या लॅपटॉपमध्ये सरळ बटण असायचं किंवा लॉगआउट करून परत यावं लागायचं, स्क्रीनची वायर या चिपवरून त्या चिपवर जायची. २०१० मध्ये एनव्हिडियाने ऑप्टिमस आणलं आणि पद्धतच बदलली. या पद्धतीत लॅपटॉपचा स्क्रीन आतल्या ग्राफिक्सलाच जोडलेला असतो (पुढे सोपं जावं म्हणून त्याला इंटेलच म्हणतो, रायझन असेल तर तिथे तेच धरा), एनव्हिडियाचं कार्ड स्क्रीनला थेट जोडलेलंच नसतं. कार्ड फक्त चित्र तयार करतं, ते चित्र कॉपी होऊन इंटेलच्या मेमरीत जातं आणि इंटेल ते स्क्रीनवर दाखवतं. लग्नाच्या पंगतीसारखं आहे हे, स्वयंपाक आत आचारी करतो पण ताटात वाढायला बाहेरचा माणूस येतो, म्हणून वाढणाऱ्यानेच स्वयंपाक केला असं होत नाही.

हे डोक्यात बसलं की निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. डीएक्सडायग (विंडोजचंच ग्राफिक्स तपासायचं टूल) उघडलं आणि डिस्प्लेच्या टॅबमध्ये इंटेल दिसतंय? बरोबरच आहे, स्क्रीन इंटेललाच जोडलाय, कार्ड शेजारच्या रेंडर नावाच्या टॅबमध्ये दिसेल. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये डिस्प्लेचा भागच गायब आहे, फक्त थ्रीडी सेटिंग दिसतं? तेही बरोबर, कार्डाला स्क्रीनच जोडलेला नाही तर रेझोल्यूशन कशाचं दाखवणार. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू १ वर (जीपीयू म्हणजे ग्राफिक्स चिप) शून्य टक्के? काम नसेल तेव्हा कार्ड झोपलेलंच असायला हवं, त्यासाठीच तर ही सगळी रचना आहे, नाहीतर बॅटरी बघता बघता संपली असती. यातलं काहीही बिघाड नाही आणि यातल्या कशासाठीही दुकानात जायची गरज नाही.

यातून एक फार महत्त्वाची गोष्ट निघते. यूट्यूबवर बरेच जण सांगतात की डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन इंटेल डिसेबल करा म्हणजे सगळं आपोआप कार्डावर जाईल. करू नका! ऑप्टिमसच्या लॅपटॉपमध्ये इंटेल बंद केलं की चित्र स्क्रीनवर पोचवणाराच गेला, मग विंडोज मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्लेवर येतं, ब्राइटनेस अडकतो, आणि कार्डपण कामाचं राहत नाही. आधीच केलं असेल तर तिथेच राइट क्लिक करून एनेबल करा आणि रिस्टार्ट मारा.

खरंच कार्डावर चालतंय का ते कसं कळणार

अंदाजाने नको, बघून ठरवा. गेम किंवा सॉफ्टवेअर चालू करा, थोडं काम होऊ द्या, मग टास्क मॅनेजर उघडा. प्रोसेसेसच्या यादीत वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून जीपीयू इंजिन नावाचा कॉलम चालू करा, तिथे प्रत्येक प्रोग्रामपुढे जीपीयू ० थ्रीडी किंवा जीपीयू १ थ्रीडी असं लिहून येतं. कुठला नंबर कुणाचा हे परफॉर्मन्सच्या टॅबमध्ये नावासकट दिसतं, तिथे खात्री करून घ्या, शून्य म्हणजे इंटेलच असं धरून चालू नका. गेम मिनिमाइझ केला की त्याचा लोड पडतो म्हणून आत्ताचा आकडा कमी दिसेल, पण ग्राफमध्ये मागचं एक मिनिट दिसतं, त्यात बघा गेम चालू असताना कुठली चिप वर गेली होती. विंडोज १० चं फारच जुनं व्हर्जन असेल तर टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू दिसणारच नाही, ते २०१७ च्या शेवटच्या अपडेटपासून आलं.

एनव्हिडियावाल्यांसाठी अजून एक सोपी सोय आहे, कंट्रोल पॅनेलच्या वरच्या डेस्कटॉप मेनूमध्ये जीपीयू ॲक्टिव्हिटी आयकॉन चालू करायचा. घड्याळाजवळ छोटं चिन्ह येतं, कार्ड जागं झालं की ते रंगीत होतं आणि त्यावर क्लिक केलं की आत्ता कार्ड कोण वापरतंय त्यांची यादी येते. मी हे प्रत्येकाला पहिल्याच दिवशी चालू करून ठेवायला सांगतो. बॅटरी लवकर उतरतेय, फॅन उगाच वाजतोय, यांचं उत्तर बहुतेकदा त्याच यादीत सापडतं.

ऑटोकॅडवाल्यांनी कमांड लाइनमध्ये ग्राफिक्सकॉन्फिग टाइप करून एंटर मारा, ते स्वतःच सांगतं की कुठलं कार्ड धरलंय आणि हार्डवेअर ॲक्सिलरेशन चालू आहे की नाही. ते बंद असेल तर कार्ड कितीही भारी असू दे, उपयोग नाही.

शेवटचा शब्द कुणाचा

इथेच सगळा घोळ होतो. पूर्वी एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये मॅनेज थ्रीडी सेटिंग्जमध्ये जाऊन प्रिफर्ड ग्राफिक्स प्रोसेसर बदलला की काम व्हायचं, अजूनही बहुतेक व्हिडिओ तेच सांगतात. पण २०१८ च्या एप्रिल अपडेटपासून म्हणजे १८०३ व्हर्जनपासून विंडोजने हा अधिकार स्वतःकडे घेतला. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि खाली ग्राफिक्स, तिथे प्रत्येक प्रोग्रामसाठी तीन पर्याय असतात, विंडोजला ठरवू दे, पॉवर सेव्हिंग, आणि हाय परफॉर्मन्स. तुम्ही पॅनेलमध्ये कार्ड निवडलं आणि इथे त्याच प्रोग्रामपुढे पॉवर सेव्हिंग असेल तर विंडोजचंच चालतं. म्हणून आधी इथे सेट करा. पॅनेलमध्येपण तोच पर्याय ठेवा, विशेषतः ओपनजीएलवर (ग्राफिक्स काढायची एक प्रणाली) चालणारी जुनी सॉफ्टवेअरं असतील तर, दोन्हीकडे एकच उत्तर असलं की भांडण नाही. आणि बदल केल्यावर प्रोग्राम पूर्ण बंद करून उघडा, नुसती खिडकी बंद करून तो घड्याळाजवळ बसून राहिला असेल तर जुन्याच चिपवर चालत राहणार.

आता सेट केलेलं परत का बिघडतं ते सांगतो, कारण खरा त्रास तोच आहे.

विंडोज ही आवडनिवड प्रोग्रामच्या नावाने लक्षात ठेवत नाही, तर त्या एक्झी फाइलच्या (प्रोग्राम चालू करणारी मूळ फाइल) पूर्ण पत्त्याने ठेवतं. पत्ता बदलला की विंडोजच्या दृष्टीने तो नवा प्रोग्राम, आणि नव्यासाठी परत विंडोज स्वतः ठरवणार. ब्लेंडर हे अगदी साधं उदाहरण, त्याचं प्रत्येक मोठं व्हर्जन वेगळ्या फोल्डरमध्ये बसतं, ४.१ साठी केलेलं सेटिंग ४.२ ला लागूच होत नाही. गेम सी ड्राइव्हवरून डी वर हलवला, पत्ता बदलला. काही ॲप्स प्रत्येक अपडेटला स्वतःच्या फोल्डरचं नाव बदलतात, तिथे दर अपडेटनंतर सेटिंग गेलं म्हणून लोक डोकं धरून बसतात, पण सेटिंग तिथेच असतं, फक्त आता अस्तित्वात नसलेल्या फाइलसाठी असतं. त्या ग्राफिक्सच्या यादीत एकदा नीट नजर टाका, एकच नाव दोन-तीन वेळा दिसेल, त्यातली जुनी काढून टाका.

दुसरं म्हणजे चुकीची एक्झी निवडलेली असते. डेस्कटॉपवरच्या आयकॉनने जी फाइल उघडते ती नेहमी गेमच असते असं नाही, ती बऱ्याचदा नुसता लाँचर असते जो पुढे खरा गेम चालू करतो. अनरिअल इंजिनवर बनवलेल्या खूप गेममध्ये बाहेर एक छोटी एक्झी असते आणि खरा गेम आत बायनरीज फोल्डरच्या पोटात विन ६४ मध्ये असतो, फाइलच्या नावाच्या शेवटी शिपिंग असं लिहिलेलं असतं. माइनक्राफ्टचं जावा एडिशन तर जावावरच चालतं, तिथे जावाडब्ल्यू नावाची फाइल निवडावी लागते, आणि तीपण लाँचरने स्वतःच्या फोल्डरमध्ये आणून ठेवलेली, तुम्ही वेगळी टाकलेली जावा नाही. मग खरी फाइल कुठली हे शोधायचं कसं, तर गेम चालू असताना टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये जा, जास्त मेमरी खाणारी त्याच नावाची प्रोसेस बघा, राइट क्लिक करून ओपन फाइल लोकेशन करा, जे फोल्डर उघडेल तोच पत्ता ग्राफिक्स सेटिंगमध्ये द्या. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेल्या ॲपसाठी मात्र फाइल शोधत बसू नका, तिथे वरच्या निवडीत डेस्कटॉप ॲपऐवजी स्टोअर ॲप केलं की नावानेच यादी येते.

तिसरं कारण, ड्रायव्हर टाकताना क्लीन इन्स्टॉलेशनवर टिक केली की एनव्हिडियाच्या पॅनेलमधली तुमची सगळी प्रोफाइल पुसली जातात. ती टिक गरज असेल तेव्हाच करायची.

आणि वैतागून सगळ्यांनाच हाय परफॉर्मन्स करून टाकू नका. ब्राउझर, म्युझिक प्लेयर, व्हॉट्सॲप हे सगळे कार्ड जागं ठेवतात, मग बॅटरी तासाभराने कमी टिकते आणि मांडीवर लॅपटॉप ठेवता येत नाही इतका तापतो. ज्या चार-पाच प्रोग्रामना खरंच लागतं त्यांनाच द्या.

लाईट गेली की गेम स्लो होतो

हे आपल्याकडे जास्त होतं कारण लाईट जातेच, आणि बऱ्याच जणांना संबंध लक्षात येत नाही कारण लॅपटॉप तर बंद पडत नाही. चार्जरचा सप्लाय गेला की तीन वेगवेगळ्या गोष्टी एकदम होऊ शकतात.

एक तर बॅटरी कार्डाला तेवढी पॉवर देऊच शकत नाही जेवढी चार्जर देतो, त्यामुळे कार्ड स्वतःला आवरतं. दुसरं, एनव्हिडियाचं बॅटरी बूस्ट चालू असेल तर ते बॅटरीवर गेमचा वेग मुद्दाम बांधून ठेवतं, बऱ्याच लॅपटॉपवर थेट ३० एफपीएसला, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं. तुमचा गेम ९० वरून अचानक बरोबर ३० वर येऊन तिथेच चिकटून बसत असेल तर कारण हेच समजा, बिघाडाने आलेला आकडा इतका स्थिर कधी नसतो. जीफोर्स एक्सपीरियन्समध्ये किंवा नवीन एनव्हिडिया ॲपमध्ये ते बंद करता येतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त घाबरवते. नवीन गेमिंग लॅपटॉपमध्ये कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये ग्राफिक्सचे मोड असतात. आसूसच्या आर्मरी क्रेटमध्ये इको, स्टँडर्ड, ऑप्टिमाइझ्ड, अल्टिमेट असे. लेनोव्होच्या लीजन मालिकेत व्हँटेज ॲपमध्ये हायब्रिडचे (दोन्ही चिप मिळून चालायचे) प्रकार असतात. इकोमध्ये कार्ड झोपत नाही, पूर्णच बंद होतं, डिव्हाइस मॅनेजरमधूनपण दिसेनासं होतं. आणि ऑप्टिमाइझ्ड केलेलं असेल तर चार्जर काढला की कार्ड आपोआप बंद, लावला की परत चालू. आता विचार करा, रात्री लाईट गेली, पोराने बॅटरीवर लॅपटॉप उघडला, डिव्हाइस मॅनेजरमध्ये एनव्हिडियाचं नावच नाही, गेम म्हणतो ग्राफिक्स कार्ड सापडत नाही, तो घाबरणारच. सकाळी दुकानात नेतो तर तिथे चार्जर लावल्यावर कार्ड हजर. अशा वेळी कुणी उघडून साफ केलं, ड्रायव्हर टाकला असं सांगून पैसे घेतले तरी समोरच्याला कळत नाही. म्हणून कार्ड गायब झालं की पहिलं काम, चार्जर लावा आणि कंपनीच्या ॲपमध्ये मोड बघा. तिथे स्टँडर्ड किंवा हायब्रिड ठेवलं की बहुतेकांचा विषय संपतो.

चार्जरवरूनच अजून एक. सोबत आलेला मोठा चार्जर घरी ठेवून कॉलेजला ६५ वॉटचा टाइप सी चार्जर नेणारे खूप आहेत, वजनाला हलका म्हणून. चार्जिंगचं चिन्ह दिसतं, पण गेमिंग लॅपटॉपचा चार्जर १८० किंवा २३० वॉटचा असतो त्याला कारण आहे, छोट्या चार्जरवर लॅपटॉप कार्डाची पॉवर कमी करतो. वर्गात स्लो आणि घरी फास्ट असं होत असेल तर तपासायची गोष्ट हीच.

बाहेरचा मॉनिटर

एचडीएमआयची वायर आत कुठल्या चिपला जाते हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. काहींत इंटेलला, काहींत थेट कार्डाला, आणि एकाच लॅपटॉपवर एचडीएमआय एकाकडे आणि टाइप सी दुसऱ्याकडे असंही असतं. मॉनिटर जोडून एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये कॉन्फिगर सराउंड, फिजएक्स या पानावर जा, तिथे चित्र काढून दाखवलेलं असतं की कुठला स्क्रीन कुणाला जोडलाय.

पोर्ट थेट कार्डाला असेल तर बाहेरच्या मॉनिटरवर गेम जास्त चांगला चालतो, कारण ते कॉपी करणं वाचतं. हे कॉपी करणं म्हणजे किती, तर १९२० बाय १०८० चं एक चित्र साधारण ८ एमबीचं, सेकंदाला ६० म्हटलं तर जवळपास ५०० एमबी, आणि १४४ हर्ट्झच्या स्क्रीनवर १.२ जीबी दर सेकंदाला इकडून तिकडे जातं. साध्या वेगाला हे जाणवत नाही, एफपीएस जितके जास्त तितकं जाणवतं. पण दुसरी बाजू अशी की असा मॉनिटर जोडलेला असेपर्यंत कार्ड झोपू शकत नाही, नुसतं वर्ड उघडलं तरी ते जागं, म्हणून फॅन चालू राहतो. तो दोष नाही, त्याला इलाज म्हणजे मॉनिटर दुसऱ्या पोर्टला लावून बघायचा.

याच कॉपीच्या भानगडीवर उपाय म्हणून मक्स स्विच, म्हणजे स्क्रीन इंटेलवरून थेट कार्डाकडे वळवणारा आतला स्विच, आला. २०२० मध्ये एनव्हिडियाने ॲडव्हान्स्ड ऑप्टिमस आणलं ज्यात रिस्टार्ट न करता स्क्रीन थेट कार्डाकडे जातो, बाकी बऱ्याच लॅपटॉपमध्ये ॲपमधून किंवा बायोसमध्ये डिस्क्रीट (म्हणजे फक्त कार्ड) निवडून रिस्टार्ट करावं लागतं. असा पर्याय तुमच्याकडे असेल तर वर सांगितलेलं कुठला प्रोग्राम कुठे हे सगळं प्रकरणच त्या मोडमध्ये राहत नाही, सगळं कार्डावर. फक्त बॅटरीवर काम करायचं असेल तेव्हा परत हायब्रिडवर या.

जाता जाता ओबीएस म्हणजे स्क्रीन रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी. डिस्प्ले कॅप्चरमध्ये काळा स्क्रीन येतोय तर ओबीएस कार्डावर चालतंय आणि डेस्कटॉप इंटेलवर आहे, विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ओबीएसला पॉवर सेव्हिंग द्या. गेम कॅप्चर काळा येतोय तर उलटं, गेम जिथे आहे तिथेच ओबीएस. नवीन व्हर्जनमध्ये कॅप्चरची पद्धत विंडोज १० अशी निवडली तरी डिस्प्ले कॅप्चरचं काम होतं.

आता ड्रायव्हर

वरचं सगळं बघून झालं, मोड बरोबर आहे, चार्जर लावलाय, तरी कार्ड दिसत नाही किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्यावर पिवळा त्रिकोण आहे, तेव्हाच इथे या.

आधी रिस्टार्ट करा, शटडाउन नाही. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असतं तेव्हा शटडाउन केल्यावर सिस्टिमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि चालू करताना तोच परत उचलला जातो, म्हणजे अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच परत येतो. रिस्टार्टमध्ये खरोखर नव्याने सुरू होतं. त्याने नाही झालं तर लॅपटॉप बंद करून चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चार्जर लावून चालू करा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूत शो हिडन डिव्हाइसेस करा. कार्ड फिकट दिसलं आणि प्रॉपर्टीजमध्ये कोड ४५ असेल तर विंडोज म्हणतंय की ते आत्ता जोडलेलंच नाही, म्हणजे परत मोडकडे आणि बायोसकडे जा. कोड ४३ असेल तर कार्डाने किंवा ड्रायव्हरने स्वतः चूक कळवलीय, तिथे ड्रायव्हर साफ करून टाकायला हवा.

साफ करायला डीडीयू म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर वापरतात. क्रम महत्त्वाचा आहे. आधी लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या नेमक्या मॉडेलचे दोन्ही ड्रायव्हर, आतल्या ग्राफिक्सचा आणि कार्डाचा, डाउनलोड करून ठेवा. मग नेट बंद करा, वायफायसकट, कारण ड्रायव्हर काढल्याबरोबर विंडोज अपडेट मधेच स्वतःचा आणून बसवतं आणि सगळी मेहनत वाया. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयूने दोन्ही काढा, नॉर्मल चालू करा, आधी आतल्याचा टाका, रिस्टार्ट, मग कार्डाचा, रिस्टार्ट, मग नेट चालू करा.

हा क्रम जुन्या इंटेल अधिक रेडिऑन लॅपटॉपवर तर पाळायलाच हवा, २०११ ते २०१४ च्या काळातले, जे अजून सेकंडहँडमध्ये खूप फिरतात आणि गावाकडे भरपूर घरात आहेत. त्यांचा ड्रायव्हर म्हणजे इंटेल आणि एएमडी दोघांचा मिळून जुळवलेला जोड असतो. विंडोज अपडेटने त्यातला एकट्या इंटेलचा नवीन आणला की जोड तुटतो, कॅटॅलिस्ट (रेडिऑनचं सेटिंगचं पॅनेल) उघडत नाही आणि रेडिऑन नुसतं नावाला राहतं. म्हणून तिथे कंपनीनेच दिलेला जुना ड्रायव्हर टाका, नवीन शोधू नका, आणि मग मायक्रोसॉफ्टचं शो ऑर हाइड अपडेट्स नावाचं छोटं टूल चालवून तो इंटेलचा अपडेट लपवून ठेवा. हे केलं नाही तर काही दिवसांनी तेच परत होणार हे नक्की.

लिनक्सवाले

इथला इतिहास कडू आहे. सुरुवातीला ऑप्टिमसला लिनक्सवर एनव्हिडियाकडून काहीच नव्हतं, लोकांनी स्वतः बंबलबी नावाचा प्रोजेक्ट उभा करून काम चालवलं, आणि २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात एका मुलीने याच ऑप्टिमसच्या त्रासाबद्दल विचारल्यावर लिनक्स बनवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने स्टेजवरून एनव्हिडियाला उघड शिवी घातली होती. आज परिस्थिती खूप सुधारलीय. २०१९ च्या ४३५ ड्रायव्हरपासून प्राइम रेंडर ऑफलोड आलं, म्हणजे बाकी सगळं इंटेलवर आणि सांगाल तोच प्रोग्राम कार्डावर. उबंटूमध्ये प्राइम सिलेक्टला (कुठली चिप वापरायची ते ठरवणारं टूल) ऑन डिमांड ठेवा, ग्नोम डेस्कटॉपमध्ये आयकॉनवर राइट क्लिक केलं की वेगळ्या कार्डावर चालवायचा पर्याय येतो.

परत परत येणारा प्रॉब्लेम तिथे दोनच प्रकारचा. पहिला, सिक्युअर बूट (मान्यता नसलेलं सॉफ्टवेअर लोड होऊ न देणारं बायोसमधलं सेटिंग) चालू असताना ड्रायव्हर टाकला की तो एक पासवर्ड विचारतो, आणि पुढच्या रिस्टार्टला निळ्या रंगाचा मॉक मॅनेजमेंटचा, म्हणजे ड्रायव्हरला मान्यता द्यायचा, स्क्रीन येतो, तिथे एन्रोल करून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाईत लोक कंटिन्यू दाबतात, मग ड्रायव्हर लोडच होत नाही आणि वाटतं इन्स्टॉल फसलं. दुसरा, प्राइम सिलेक्टमध्ये इंटेल करून बॅटरी वाचवतात आणि मग प्रोजेक्टर लागत नाही, कारण एचडीएमआय कार्डाला जोडलेलं आणि कार्ड तर बंद. प्रेझेंटेशनच्या आधी एवढं बघून ठेवा.

आणि खरंच कार्ड गेलं असेल तर

तेही होतं, नाही असं नाही. ओळखायचं कसं, तर स्वच्छ ड्रायव्हर टाकूनही कोड ४३ लगेच परत येतो, कार्डावर लोड आला की स्क्रीनवर रंगीत चौकोन येतात किंवा लॅपटॉप अडकतो, आणि उबंटूच्या पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉल न करता चालू केलं तरी कार्ड यादीत येत नाही किंवा चुका दाखवतं. विंडोजबाहेरही तेच झालं तर मग सॉफ्टवेअरचा विषय संपला. अशा वेळी चिपला हीट देऊन चालू करून देतो असं कुणी म्हटलं तर पैसे देऊ नका, ते चालू होतं पण बहुतेक थोड्याच दिवसांसाठी. बोर्ड बदलायचा असेल तर आधी वॉरंटीची तारीख बघा आणि भाव दोन-तीन ठिकाणी विचारा.

आणि बोर्डाचे पैसे नसतील तर लॅपटॉप भंगारात काढू नका, स्क्रीन इंटेलला जोडलेला आहे हे आता माहीत आहेच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एनव्हिडियावर राइट क्लिक करून डिसेबल करा, मक्स असेल तर आधी हायब्रिडवर आणून मग करा. हेवी गेम जातील, पण कोडिंग, ऑनलाइन क्लास, ऑटोकॅडमधलं टूडी ड्रॉइंग, एमपीएससीचे व्हिडिओ हे सगळं इंटेलवर नीट चालतं, आणि बॅटरीपण आधीपेक्षा जास्त टिकेल.